एंटर मारला की पावती रद्द होते : एका फॉर्मवर चार सबमिट बटणं असली की परत परत येणारा घोळ

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याला मी काटा पावतीचा फॉर्म करून दिलाय. फॉर्म साधाच आहे, शेतकऱ्याचं नाव, गाव, बाग कोणती म्हणजे नवती का पिलबाग का कांदेबाग (हे केळीच्या बागेचे प्रकार), गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव, आणि खाली चार बटणं. रद्द करा, मसुदा ठेवा, जतन करा, जतन करून छापा. ह्या एका फॉर्मवरून मला दोन हंगामांत पाच-सहा वेळा फोन आला आणि प्रत्येक वेळी वाक्य जवळपास तेच, "भाऊ, दाबलं एक बटण अन् चाललं दुसरंच." एकदा दुरुस्त केलं, वाटलं मिटलं, महिन्याने परत तेच. मग एका रविवारी सगळं बाजूला ठेवून बसलो तेव्हा कळलं की तक्रार एकच असली तरी खाली कारणं चार-पाच वेगळी आहेत, आणि मी दर वेळी एकच कारण मारत होतो. जळगाव-धुळ्यात असे छोटे फॉर्म करून देणारे आपल्यासारखे बरेच आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण ह्यात शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या पैशांचा हिशोब, अडकते. केळी कापली की ती थांबत नाही, गाडी भरून उत्तरेकडे निघून जाते, आणि मागे हिशोबाला राहतो तो फक्त हा कागद.

सगळ्यात आधी कोडला हात लावू नका. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, आणि तिथे प्रिझर्व्ह लॉग चालू करा (फायरफॉक्समध्ये तेच पर्सिस्ट लॉग्ज ह्या नावाने आहे), नाहीतर पान बदललं की नोंद पुसली जाते आणि तुम्ही बघत बसता. मग ऑपरेटर करतो अगदी तसंच करा, म्हणजे तो एंटर मारत असेल तर तुम्हीही एंटरच मारा, माऊसने क्लिक करून "माझ्याकडे तर चालतंय" म्हणू नका. रिक्वेस्ट गेली की पेलोड, म्हणजे फॉर्मने सर्वरला पाठवलेली माहिती, बघा. ब्राउझर फॉर्म पाठवताना ज्या बटणाने फॉर्म गेला फक्त त्याच एका बटणाचं नेम आणि व्हॅल्यू पाठवतो, बाकीची सबमिट बटणं जातच नाहीत, आणि बटणाला नेम दिलेलं नसेल तर त्याचंही काही जात नाही. म्हणून पेलोडमध्ये तीनपैकी एक गोष्ट दिसेल. चुकीचं बटण गेलंय, किंवा कुठलंच बटण गेलेलं नाही, किंवा बरोबर बटण गेलंय पण सर्वरने भलतंच केलंय. ह्या तिन्हीचे रस्ते वेगळे आहेत. मी पहिल्या तीन फोनला हे बघितलंच नव्हतं, सरळ सर्वरच्या कोडमध्ये शिरलो होतो, त्यात दोन रात्री गेल्या.

आता पहिला फोन. ऑपरेटर पोरगा म्हणाला, मी फक्त भाव टाकला आणि एंटर मारला ना भो, रद्द कुठे दाबलं. त्याचं खरं होतं. टेक्स्ट फील्डमध्ये एंटर मारला की ब्राउझर त्या फॉर्मचं पहिलं सबमिट बटण स्वतःच दाबतो, म्हणजे त्या बटणावर खरोखर क्लिक इव्हेंट चालतो, त्याचा हँडलर म्हणजे त्या क्लिकसाठी लिहिलेला कोड चालतो, त्याचंच नेम-व्हॅल्यू जातं. एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्ये ह्याला डिफॉल्ट बटण म्हणलंय. आणि पहिलं म्हणजे स्क्रीनवर पहिलं दिसणारं नाही, एचटीएमएलमध्ये लिहिताना जे आधी आलंय ते. माझ्या फॉर्ममध्ये रद्द करा सगळ्यात आधी लिहिलेलं होतं, आणि सीएसएसमध्ये फ्लेक्सची दिशा उलटी करून ते उजव्या टोकाला नेलं होतं, त्यामुळे दिसायला जतन करा पहिलं आणि ब्राउझरच्या हिशोबाने रद्द पहिलं. सीएसएसने कितीही हलवा, हा क्रम बदलत नाही.

ह्यावर नेटवर एक जुनी युक्ती सापडते, फॉर्मच्या सुरुवातीला एक लपवलेलं सबमिट बटण ठेवायचं म्हणजे एंटर त्याच्यावर जातो. चालते ती, मी पण वर्षभर तेच ठेवलं होतं, पण नंतर फॉर्म दुसऱ्याच्या हातात गेला की तो म्हणतो हे रिकामं बटण कशाला आणि काढून टाकतो आणि परत फोन सुरू. सरळ उपाय हा की जतन करा हेच आधी लिहा आणि स्क्रीनवर पण आधीच दिसू द्या, टॅब दाबत जाणाऱ्यालाही तोच क्रम मिळतो. आणि रद्द करा हे मुळात सबमिट बटण असायलाच नको. रद्द म्हणजे मागच्या पानावर जाणं असेल तर ती साधी लिंक आहे. फॉर्म रिकामा करणं असेल तर टाइप बटण देऊन जावास्क्रिप्टने करा. आणि रद्द म्हणजे जतन झालेली पावती कायमची रद्द करणं असेल तर ते ह्या फॉर्ममध्ये नकोच, वेगळं पान, वेगळी खात्री.

एक गोष्ट मला उशिरा कळली. डिफॉल्ट बटण डिसेबल असेल तर एंटरने काहीच होत नाही, ब्राउझर पुढच्या बटणावर जात नाही. म्हणून "वजन टाकेपर्यंत जतन डिसेबल" असं केलं असेल आणि ऑपरेटर म्हणाला एंटर चालत नाहीये, तर तिथे बघा.

टाइप न लिहिण्याचा घोळ तर सगळ्यांनी एकदा तरी केलेलाच असतो. बटण टॅगला टाइप दिला नाही तर तो आपोआप सबमिट असतो. पावतीत एका गाडीत दोन-तीन शेतकऱ्यांचा माल असला तर "ओळ वाढवा" असं बटण होतं, त्याला टाइप नव्हता, आणि ते भाव फील्डच्या आधी लिहिलेलं असल्याने एंटरचं डिफॉल्ट तेच झालं. ओळ पण वाढायची आणि फॉर्म पण जायचा. माझा आता नियमच आहे, प्रत्येक बटणाला टाइप लिहायचाच, सबमिट असेल तरी लिहायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम आहे.

आता अमळनेरकडच्या एका कृषी केंद्राचं सांगतो, कारण तिथे उलटी अडचण होती. बियाण्याच्या पाकिटावरचा बारकोड स्कॅन केला की पहिल्याच पाकिटावर बिल पूर्ण होऊन छापायला जायचं. मालकांचा फोन आला, "भाऊ, मी ते काहीच करं नही, मशीननीच बिल फाडी टाकं." बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतो, आकडे टाइप केल्यासारखे पाठवतो आणि बरेच स्कॅनर शेवटी एंटर पाठवतात. एंटर आला की पहिलं सबमिट बटण, आणि तिथलं पहिलं बटण होतं बिल पूर्ण करा. इथे मी "ओळ जोडा" हेच पहिलं सबमिट बटण केलं, आता स्कॅन केलं की ओळ जोडली जाते, जे दुकानदाराला हवंच होतं. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये शेवटी एंटरऐवजी टॅब पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण स्कॅनर बदलला की ती सेटिंग जाते, म्हणून मी त्याच्या भरवशावर राहत नाही.

काहीजण एंटरच अडवून टाकतात, की-डाऊनमध्ये एंटर आला की प्रिव्हेंट डिफॉल्ट आणि पुढच्या फील्डवर फोकस. करा, पण एक सांभाळा, आपल्याकडे शेतकऱ्याचं नाव मराठीत टाइप होतं आणि फोनेटिक कीबोर्डवर शब्दांची यादी येते तेव्हा लोक एंटर मारूनच शब्द निवडतात. तो एंटर फॉर्मचा नाही, तो शब्द निवडण्याचा आहे. तुमच्या हँडलरने तो पकडला तर नाव अर्धवट राहून फोकस पुढे पळतो. इव्हेंटवर इझ कंपोझिंग तपासा, शब्द अजून बनतोय का ते त्यावरून कळतं, ते खरं असेल तर हात लावू नका. सफारीत तेवढ्याने भागत नाही, तिथे की-कोड २२९ आहे का तेही बघावं लागतं. हे इंग्रजी फॉर्मवर टेस्ट करणाऱ्याला कधीच दिसणार नाही, म्हणून मराठी कीबोर्ड लावून स्वतः टाइप करून बघा.

दुसरा प्रकार, पेलोडमध्ये बटणच नाही. माझ्याकडे हे दुसऱ्या फोननंतर मीच आणलं. एकाच गाडीच्या दोन पावत्या होत होत्या म्हणून मी बटण क्लिक झालं की लगेच डिसेबल करायला लागलो. क्लिकच्या हँडलरमध्ये डिसेबल केलं तर स्टँडर्डप्रमाणे फॉर्म जातच नाही, कारण हँडलर संपल्यावर ब्राउझर बघतो तर बटण डिसेबल. म्हणून मी ते फॉर्मच्या सबमिट इव्हेंटमध्ये नेलं, आता फॉर्म जायला लागला पण बटणाशिवाय, कारण ब्राउझर पाठवायची यादी सबमिट इव्हेंटनंतर बनवतो आणि डिसेबल असलेलं काहीही त्यात घेत नाही. सर्वरला कळेचना की जतन का छापा. उपाय अगदी छोटा आहे, डिसेबल करणं सेट टाइमआउटमध्ये शून्य मिलिसेकंदावर टाका, म्हणजे यादी बनून झाल्यावर बटण बंद होतं. किंवा बटण डिसेबल करूच नका, फॉर्मवर "पाठवतोय" अशी खूण ठेवा आणि दुसरा सबमिट इव्हेंट आला तर अडवा. मला दुसरं जास्त आवडतं.

बटण गायब होण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे जावास्क्रिप्टमधून फॉर्म डॉट सबमिट. हे बोलावलं की सबमिट इव्हेंट चालत नाही, रिक्वायर्ड वगैरे तपासणी होत नाही आणि कुठलंही बटण जात नाही. "खात्री आहे का" असा डायलॉग दाखवून मग सबमिट करणाऱ्या कोडमध्ये हे हमखास असतं. त्याऐवजी रिक्वेस्ट सबमिट वापरा आणि त्यात बटण द्या, मग तपासणीही होते, इव्हेंटही चालतो आणि त्या बटणाचं नेम-व्हॅल्यूही जातं. क्रोममध्ये ते २०१९ पासून आहे, सफारीत २०२२ मध्ये १६ व्या आवृत्तीत आलं, त्यामुळे आता घाबरायचं कारण नाही. फेच वापरत असाल, म्हणजे पान न बदलता जावास्क्रिप्टनेच माहिती पाठवत असाल, आणि फॉर्म डेटा फक्त फॉर्म देऊन बनवत असाल तरी बटण येत नाही, तिथे सबमिट इव्हेंटमधला सबमिटर (ज्याने फॉर्म गेला ते बटण) घ्या आणि फॉर्म डेटाला दुसरा पॅरामीटर म्हणून द्या. ही दुसऱ्या पॅरामीटरची सोय सगळ्या मोठ्या ब्राउझरांत २०२३ पर्यंत आली, त्याच्याआधीचे फोन सांभाळायचे असतील तर सबमिटरचं नेम आणि व्हॅल्यू हाताने अपेंड करा, एका ओळीचं काम आहे. कुठे कुठे ॲक्टिव्ह एलिमेंट (आत्ता फोकस कशावर आहे ते) बघून बटण ओळखलेलं दिसतं, ते करू नका, एंटर मारल्यावर फोकस टेक्स्ट फील्डवरच असतो आणि मॅकच्या सफारीत तर क्लिक केल्यावरही बटणाला फोकस मिळत नाही.

ह्याच भागातली एक चूक, बटणाचं नेम सबमिट ठेवणं. तसं ठेवलं की फॉर्म डॉट सबमिट म्हणजे फंक्शन राहत नाही, ते बटणच होतं, आणि कन्सोलमध्ये "हे फंक्शन नाही" असा एरर येतो. नेम ॲक्शन ठेवलं तर फॉर्म डॉट ॲक्शन वाचताना पत्त्याऐवजी बटण हातात येतं. मी सगळ्या बटणांना नेम "काम" देतो, रोमनमध्ये लिहून, आणि व्हॅल्यू वेगवेगळी. एकच नेम असलं की सर्वरवर एकाच जागी बघायचं, प्रत्येक बटणाचं नेम आलंय का हे बघणारे पीएचपीचे चार इसेट लिहावे लागत नाहीत.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. पेलोडमध्ये बटण बरोबर, तरी काम चुकीचं. ह्या फॉर्ममध्ये नंतर दोन बटणं वाढली होती, रावेर भावाने पट्टी आणि बऱ्हाणपूर भावाने पट्टी, कारण आपल्याकडे केळीला दोन्हीकडचे भाव बघतात. मी इनपुट टाइप सबमिट वापरलं होतं. त्यात व्हॅल्यू म्हणजेच बटणावर दिसणारे शब्द, आणि सर्वरवर पीएचपीमध्ये तेच शब्द तपासलेले. दिसायला अक्षरन्अक्षर सारखं, तरी बऱ्हाणपूरची तुलना जुळत नव्हती आणि कोड खालच्या एल्समध्ये, म्हणजे काहीच जुळलं नाही तर चालणाऱ्या भागात, जाऊन रावेर भाव लावत होता. तासभर बघितलं. शेवटी दोन्ही स्ट्रिंगचे कोडपॉइंट (प्रत्येक अक्षराचे युनिकोड आकडे) छापले तेव्हा दिसलं की आपला तो आखूड र, बऱ्हाणपूर, दऱ्या, पायऱ्या ह्यातला, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलंत, दुसरं म्हणजे साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. फॉर्मचं पान एका कीबोर्डवर लिहिलेलं, सर्वरचा कोड दुसऱ्या. युनिकोड नॉर्मलायझेशन केलं तरी ही दोन एक होत नाहीत. म्हणून बटणावरच्या मराठी शब्दांवर सर्वरचा निर्णय कधीच ठेवू नका. बटण टॅग वापरा, त्यात दिसणारा मजकूर वेगळा आणि व्हॅल्यू वेगळी ठेवता येते, व्हॅल्यूमध्ये रोमनमधला छोटा, कधी न बदलणारा कोड टाका. उद्या मालक म्हणाले की "जतन करा" नको, "सेव्ह करा" लिही, तर लिहिता येतं आणि मागे काही मोडत नाही. रेल्स (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनी पण बघा, तिथे सबमिट बटणाचं नेम आपोआप कमिट असतं आणि व्हॅल्यू म्हणजे लेबलच, त्यामुळे हाच खड्डा तिथेही आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, इंटरनेट एक्सप्लोरर ६ आणि ७ बटण टॅगची व्हॅल्यू न पाठवता आतला मजकूर पाठवायचे, म्हणून तेव्हा सगळे इनपुटच वापरायचे आणि ती सवय अजून कोडमध्ये राहिलीये. आता ते कारण उरलेलं नाही.

आणि तो एल्स. खरा गुन्हेगार तोच होता. सर्वरवर माहीत असलेले कोड एक-एक करून तपासा, आणि कुठलाच जुळला नाही तर काहीच करू नका, पान परत दाखवा आणि "कोणतं बटण दाबलं ते कळलं नाही, परत दाबा" असं स्पष्ट मराठीत सांगा. एल्समध्ये भाव लावणं, एल्समध्ये जतन करणं, आणि एल्समध्ये डिलीट तर नाहीच नाही. शेतकऱ्याला क्विंटलमागे चुकीचा भाव लागला तर तो फरक कुणाच्या तरी खिशातून जातो, ऑपरेटर बिचारा शिव्या खातो, आणि स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं दिसत असतं. परवानगी पण इथेच तपासायची. रद्द बटण ऑपरेटरला दाखवलं नाही म्हणजे तो ती रिक्वेस्ट पाठवू शकत नाही असं नाही.

प्रत्येक बटणाला वेगळा पत्ता हवा असेल तर फॉर्मॲक्शन आहे, बटणावरच लिहायचं, फॉर्मचा मूळ पत्ता बाकीच्यांना लागू राहतो. मसुद्याच्या बटणाला फॉर्म नो-व्हॅलिडेट द्या, कारण मसुदा म्हणजे अर्धवटच असणार, रिकाम्या गाडीचं वजन यायचंच असतं आणि ब्राउझर "हे फील्ड भरा" म्हणून अडवतो. सर्वरवर मात्र जतनची तपासणी पूर्ण हवी.

यादीच्या पानावर प्रत्येक ओळीत स्वतःचा छोटा फॉर्म आणि बाहेर एक मोठा फॉर्म असं केलं असेल तर ते मोडणारच. फॉर्ममध्ये फॉर्म चालत नाही, ब्राउझर आतला सुरुवातीचा टॅग सोडून देतो आणि आतला बंद करणारा टॅग बाहेरचा फॉर्म बंद करतो, मग पुढची फील्डं कुठल्याच फॉर्ममध्ये राहत नाहीत. ओळीतले छोटे फॉर्म बाहेर कुठेतरी लिहा आणि ओळीतल्या बटणाला फॉर्म ॲट्रिब्यूटमध्ये त्या फॉर्मचा आयडी द्या.

शेवटचा फोन मे महिन्यातला होता. काट्यावर पत्र्याची शेड, बाहेर ४४-४५ अंश, मोबाइलला रेंज एक काडी, ऑपरेटर फोनवर जतन दाबतो, चक्र फिरत राहतं, तो परत दाबतो, मग मागे जातो आणि परत दाबतो. वर सांगितलेली "पाठवतोय" ही खूण मागे गेल्यावर तशीच राहायची, कारण ब्राउझर मागचं पान जसंच्या तसं आठवणीतून काढतो, आणि बटण मेल्यासारखं वाटायचं. पेज-शो इव्हेंटमध्ये पर्सिस्टेड खरं असेल, म्हणजे पान आठवणीतून आलं असेल, तर खूण काढून टाकली. पण दोनदा जाणं ब्राउझरमध्ये पूर्ण थांबवता येत नाही, ते सर्वरवरच थांबतं. फॉर्म उघडताना एक एकदाच चालणारा टोकन लपवलेल्या फील्डमध्ये देतो, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन आहे, तोच टोकन दुसऱ्यांदा आला की नवीन पावती न करता आधीचीच पावती दाखवतो. जतन झालं की पान थेट न दाखवता रीडायरेक्ट करतो, म्हणजे रिफ्रेश केलं तरी परत जात नाही. त्यानंतर गेल्या हंगामात दुहेरी पावती निघाली नाही. आता नवीन फॉर्म दिला की माऊस बाजूला ठेवतो, प्रत्येक फील्डमध्ये जाऊन एकदा एंटर मारतो, मग फोनवर कीबोर्डवरच्या गो बटणाने तेच, मग मराठी कीबोर्ड लावून बऱ्हाणपूर टाइप करून, आणि दर वेळी पेलोडमधलं "काम" बघतो.